ग्वाल्हेर ते झाशी : पाठीवर सॅक आणि समोर महाल

पहिला दिवस : ग्वाल्हेर, लष्कर

दिल्ली-आग्र्याला निघालेल्या मराठी माणसाची गाडी झाशी आणि ग्वाल्हेरवरूनच जाते. बहुतेकांसाठी ही दोन्ही स्टेशनं म्हणजे चहा घेऊन पुन्हा डब्यात चढण्याची ठिकाणं. मला हे वर्षानुवर्षं खटकत आलंय, कारण या शंभर किलोमीटरच्या पट्ट्यात राजवाडे कसे घडत गेले ते चालत चालत बघता येतं. माझी भाची पुण्यात आर्किटेक्चर शिकते. दिवाळीत ती म्हणाली, “मामा, ताजमहाल सगळे दाखवतात. त्याच्या आधीचं काय?” नाशिकरोडहून रात्री पंजाब मेल पकडली आणि दुसऱ्या दिवशी दुपारी ग्वाल्हेरला उतरलो. दोघांकडे एकेक सॅक, तिच्याकडे शिवाय स्केचबुक.

स्टेशनजवळच्या लॉजवर सामान टाकून संध्याकाळी लष्करात गेलो. दौलतराव शिंद्यांनी १८१० मध्ये किल्ल्याच्या दक्षिणेला फौजेचा तळ ठोकला, त्याचंच हे शहर झालं. महाराज बाड्यावरून फिरताना दौलतगंज, जीवाजीगंज अशा पाट्या दिसतात. एका ठिकाणी ‘मामा का बाज़ार’ असंही लिहिलेलं होतं. तिथे भाचीने मला उभं करून फोटो काढलाच. जुन्या घरांचे नक्षीदार सज्जे खाली दुकानं झाली तरी वर अजून टिकून आहेत. सराफ्यात ते बघत हिंडण्यात तासभर गेला.

अंधार पडायच्या आत फूलबागेत राणी लक्ष्मीबाईंच्या समाधीपाशी पोचलो. जून १८५८ मध्ये त्या इथे लढता लढता पडल्या. जवळच गंगादासांची शाळा, म्हणजे साधूंचा मठ. राणींचा देह इंग्रजांच्या हाती लागू नये म्हणून त्या मठातले साधू लढले आणि मेले. घोड्यावरच्या पुतळ्याभोवती फिरायला आलेली कुटुंबं बसली होती, मुलं हिरवळीवर पळत होती. राणींचा मार्ग झाशी, काल्पी, ग्वाल्हेर असा होता. आम्ही तो उलट्या दिशेने चालणार होतो.

दुसरा दिवस : किल्ला

गाड्या पश्चिमेकडून, उरवाई दरवाज्याने वर जातात. पायी जायचं तर पूर्वेचा जुना चढ धरावा, आणि तोच धरावा असं माझं आग्रहाचं सांगणं आहे. पायथ्याशी गूजरी महाल आहे. राजा मानसिंह तोमर याने आपल्या गूजर राणीसाठी, मृगनयनीसाठी, तो बांधला. आता तिथे पुरातत्त्व संग्रहालय आहे आणि ग्यारसपूरची शालभंजिका त्याच संग्रहात आहे. हात आणि पाय तुटलेले, तरी कमरेच्या वळणात आणि चेहऱ्यावरच्या हसण्यात सगळा जीव आहे. ती पाहिल्याशिवाय वर चढू नये.

चढाच्या वाटेवर एका अखंड खडकात कोरलेलं चतुर्भुज मंदिर लागतं. इतकं लहान, की लोक न थांबता पुढे जातात. आत विक्रम संवत ९३३, म्हणजे इ.स. ८७६ चा शिलालेख आहे. देवाला बाग दिली, तिची लांबी २७० हात आणि रुंदी १८७ हात. शिवाय रोज फुलांच्या ५० माळा. त्या २७० मधलं आणि ५० मधलं शून्य आज आपण लिहितो तसंच गोल आहे. शून्याच्या सर्वांत जुन्या, तारखेसकट सापडलेल्या नोंदींत याची गणना होते. मला हलवून टाकलं ते त्याच्या साधेपणाने. गणिताच्या ग्रंथात नव्हे, देवाच्या बागेचं माप आणि माळांचा हिशेब लिहिताना ते शून्य आलंय. म्हणजे तोवर ते व्यवहारात मुरलेलं होतं. भाचीने मोबाइलच्या उजेडात ते पुन्हा पुन्हा शोधलं आणि सापडल्यावर बराच वेळ तिथून हललीच नाही.

मग मान मंदिर. मानसिंहाचा काळ १४८६ ते १५१६. पूर्वेची भिंत कड्याच्या टोकावरच उभी आहे, गोल बुरूज आणि त्यांवर घुमट. भिंतीवर निळ्या, हिरव्या, पिवळ्या चकचकीत फरशा. त्यांत पिवळ्या बदकांची रांग, हत्ती, मगरी, केळीची झाडं. किल्ल्याची भिंत म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे काळा कातळ येतो. सह्याद्रीतल्या किल्ल्यांवर वाढलेल्या माणसाला तटबंदीवर बदकं बघून किती आनंद होतो, ते तिथे गेल्यावरच कळेल. आत दोन लहान चौक, प्रत्येक खांब आणि सज्जा-छत पेलणारा प्रत्येक दगडी कंस वेगळा. १५२८ मध्ये बाबराने हा महाल पाहिला. त्याला तो अद्भुत वाटला, पण खोल्या अंधाऱ्या वाटल्या, असं त्याने लिहून ठेवलंय. त्याच्या नातवाने, अकबराने, आग्र्याच्या किल्ल्यात जे महाल उठवले त्यांत या चौकांची आणि कंसांची छाप स्पष्ट दिसते.

खाली दोन तळघरं आहेत. राजाच्या काळात उन्हाळ्यातल्या गारव्यासाठी. मोगलांनी त्यांचा तुरुंग केला. औरंगजेबाने सख्ख्या भावाला, मुरादला, याच किल्ल्यावर कैदेत ठेवून १६६१ मध्ये मारलं. गोल खोलीत झोपाळ्यांच्या कड्या अजून छताला आहेत. ज्या कड्यांना झोके बांधले जात, त्यांच्याच खाली पुढे कैदी बसवले. मी तिथे फार वेळ थांबू शकलो नाही.

दुपारी गुरुद्वारा दाता बंदी छोडमध्ये लंगरला बसलो. शिखांचे सहावे गुरू हरगोविंद यांना जहांगीराने या किल्ल्यात ठेवलं होतं. सुटताना त्यांनी आपल्याबरोबर ५२ राजांना सोडवलं, अशी श्रद्धा आहे. जहांगीर हे नाव लक्षात ठेवा, पुढच्या प्रवासात ते पुन्हा पुन्हा येणार आहे.

सहस्रबाहूचं मंदिर, ज्याला सगळे सास-बहू म्हणतात, १०९३ च्या लेखाचं. त्याच्या सभामंडपातलं छत पाहायला मान मोडेपर्यंत वर बघावं लागतं. तेली का मंदिर त्याहून जुनं, आठव्या-नवव्या शतकातलं, सुमारे ३० मीटर उंच. इंग्रजांची पलटण किल्ल्यावर असताना त्यांनी तिथे सोडावॉटरचा कारखाना काढला होता. उतरताना उरवाईच्या बाजूने आलो, तेव्हा कड्यात कोरलेल्या तीर्थंकरांच्या प्रचंड मूर्ती दिसल्या, पंधराव्या शतकातल्या, तोमर राजांच्याच काळातल्या. बाबराने त्या विद्रूप करायचा हुकूम दिला होता. अनेकांचे चेहरे नंतर दुरुस्त केलेले आहेत.

तिसरा दिवस : तानसेन, जयविलास आणि दतियाची गाडी

सकाळी हजिऱ्याला. सूफी संत महंमद घौसची कबर मोठी, चारही बाजूंनी जाळ्यांची. बारीक कोरलेल्या दगडातून ऊन आत सांडत होतं. तानसेनाची कबर त्याच आवारात, अगदी साधी, शेजारी चिंचेचं झाड. त्याची पानं चावली की गळा गोड होतो म्हणून गवई ती चघळत आले. मूळ झाड त्यातच गेलं, आताचं नंतरचं. आमच्या घरात गाणं आहे, म्हणून मी तिथे जरा अधिक रेंगाळलो. ग्वाल्हेरची गायकी बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी महाराष्ट्रात आणली, त्यांच्याकडे मिरजेला विष्णु दिगंबर पलुसकर शिकले आणि पलुसकरांचा रामनाम आधार आश्रम आमच्या नाशिकला. आपण महाराष्ट्रात जे ख्याल ऐकत मोठे झालो, त्यातलं बरंच या गावातून आलंय.

जयविलास महाल १८७४ चा, जयाजीराव शिंद्यांचा. दरबार हॉलमधली दोन झुंबरं प्रत्येकी साडेतीन टन वजनाची. छत ती पेलेल का हे बघायला वर हत्ती चढवले होते, असं सांगतात. जेवणाच्या टेबलावर रुळांवरून फिरणारी चांदीची आगगाडी आहे. दोन तासांत पाहून होतो. मान मंदिर पाहिल्यानंतर या युरोपीय थाटात माझं मन लागलं नाही, भाचीने तर स्केचबुक उघडलंच नाही.

दुपारच्या पॅसेंजरने दतियाला निघालो. खिडकी पकडायला सांगितलं, कारण या वाटेवर आंतरी लागतं. १२ ऑगस्ट १६०२ रोजी अकबराचा दरबारी इतिहासकार अबुल फजल दख्खनेतून आग्र्याकडे परतत असताना या भागात त्याला गाठून मारलं. मारणारा ओरछ्याचा बीरसिंह देव बुंदेला, मारवणारा शहजादा सलीम. मुंडकं सलीमकडे अलाहाबादला पाठवलं. अबुल फजलची कबर आंतरीलाच आहे. तीन वर्षांनी सलीम जहांगीर म्हणून तख्तावर बसला आणि त्याने बीरसिंहाला ओरछ्याची गादी दिली. दतियाचा महाल, ओरछ्याचा जहांगीर महाल आणि झाशीचा किल्ला, तिन्ही या एकाच माणसाचे. मला हा माणूस आवडत नाही. एका विद्वानाच्या खुनावर त्याचं वैभव उभं आहे. पण त्याच्याइतकी बांधकामाची दृष्टी असलेले राजे आपल्याकडे हाताच्या बोटांवर मोजावेत. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि पुढचे सगळे दिवस त्या दोन्ही माझ्या मनात एकदमच होत्या.

पुढे सोनागिरीचा डोंगर आला, त्यावर जैन मंदिरांची पांढरी शिखरं. डब्यातल्या एका आजींनी हात जोडले, त्यांच्या मागोमाग अर्ध्या डब्याने.

रात्री दतियात पीतांबरा पीठाजवळच्या धर्मशाळेत उतरलो. खटले आणि निवडणुका जिंकण्यासाठी लोक इथे अनुष्ठानं करायला येतात. आवारातल्या धूमावती देवीला गोड नव्हे, कचोरी-मंगोडे असा तिखटमिठाचा नैवेद्य असतो.

चौथा दिवस : दतियाचा सातखंडी महाल

हा दिवस मी सगळ्या प्रवासात सर्वांत जपून ठेवलाय.

महाल गावाच्या टेकडीवर, कुठूनही दिसतो. लोक त्याला पुराना महल किंवा सतखंडा म्हणतात. आत शिरल्यावर पहिले दोन मजले जवळजवळ अंधारात. दगडी खांब, कमानी, वटवाघळांचा वास. टॉर्च लागतोच. मग जिना वर आणतो आणि एकदम आभाळ उघडतं. चौरस इमारतीच्या मधोमध मोकळा चौक, आणि त्या चौकाच्या मध्यावर राजाचा उंच मनोरा एकटा उभा. चारही बाजूंच्या दालनांपासून त्याच्याकडे पूल येतात, मजल्यामागून मजला. प्रत्येक बाजूला घुमट, जाळ्या, सज्जे; काही छतांवर अजून रंग टिकलेत, कोपऱ्यात मोर आणि नर्तकी.

“मामा, हे मान मंदिराचेच दोन चौक आहेत, पण त्याने मधे इमारत घातलीये,” असं म्हणून भाचीने पानावर भराभर रेघा ओढल्या. मान मंदिरात चौक रिकामा असतो आणि खोल्या त्याच्याभोवती. इथे चौकाच्या मध्यातच राजाचं घर उचलून ठेवलंय, म्हणजे त्याला चारही बाजूंनी वारा आणि उजेड. बाबराने जी तक्रार केली होती अंधाऱ्या खोल्यांची, तिचं उत्तर शंभरेक वर्षांनी इथे मिळालं, असं मला तिच्या रेघांकडे बघताना वाटलं. दिल्लीची नवी राजधानी बांधणाऱ्या लट्येन्सलाही या महालाने भुरळ घातली होती.

गावात सांगतात की इथे कधी कोणी राहिलंच नाही. आणि खरंच, दालनांत राहणीची कुठलीच खूण सापडत नाही. तरी बांधणीत हलगर्जी एका जागीही नाही. वरच्या मजल्यावरच्या, कोणी बघणार नाही अशा कंसांवरही तेवढंच काम आहे. चौकीदारांनी आम्हाला गच्चीचं कुलूप उघडून दिलं आणि स्वतः सावलीत बसून राहिले. खाली तलाव, पलीकडे गाव, दूरवर हिरवी शेतं. आम्ही दोघं तिथे दुपार होईपर्यंत होतो. आमच्याखेरीज आलेले पाहुणे म्हणजे शाळेचा गणवेश घातलेली तीन मुलं, लपाछपी खेळायला. इतकी मोठी वास्तू आणि तिच्याकडे कोणी फिरकत नाही, याचं वाईट वाटत राहतं. पहारा चांगला आहे, पण आत एक नकाशा, दोन ओळींची माहिती एवढं तरी हवं.

संध्याकाळी बसने झाशी, तिथून वाटून घेतलेल्या रिक्षाने ओरछा. अंतर पंधरा-अठरा किलोमीटर.

पाचवा दिवस : ओरछा, दोन महाल आणि एक राजा

ओरछा रुद्रप्रताप सिंहाने १५३१ मध्ये वसवलं. बेतवेच्या एका फाट्यावरचा पूल ओलांडून किल्ल्यात शिरायचं. राजा महाल बाहेरून अगदी गंभीर. आत तळमजल्यावर मात्र भिंतीभर दशावतार, कृष्ण, शिकारीची चित्रं, लाल आणि निळा रंग. आणि शेजारी जहांगीर महाल, बादशहाच्या स्वागतासाठी बीरसिंहाने उभारलेला. पूर्वेकडे मूळचा दरवाजा, दोन दगडी हत्ती, वर निळसर फरशांचे पट्टे. तीन मजले, आठ घुमट, बाहेर लोंबते सज्जे. दतियात मनोरा मधे आहे. इथे मधला चौक पुन्हा मोकळा आणि प्रशस्त, कारण इथे दरबार आणि पाहुणे यांची सोय बघायची होती. गच्चीवर उभं राहिलं की बेतवा, जंगल आणि नदीकाठच्या छत्र्या, म्हणजे राजांच्या समाध्या, एका नजरेत येतात. मोडक्या घुमटांवर गिधाडं बसली होती. आपल्याकडे ती दिसेनाशी झाली. इथे छत्र्यांवर त्यांची घरटी आहेत.

महालाच्या मागे राय प्रवीणचं छोटं घर आणि बाग. ती कवयित्री आणि गायिका, कवी केशवदासांची शिष्या. अकबराने तिला बोलावून घेतलं, तेव्हा उष्टं अन्न कोण खातं असा अर्थ निघेल असा दोहा तिने दरबारात ऐकवला आणि बादशहाने तिला मानाने परत पाठवलं, अशी ओरछ्याची आठवण आहे. त्या दोन खोल्यांसमोर आम्हाला मोठ्या महालांइतकंच थांबावंसं वाटलं.

संध्याकाळी रामराजाच्या आरतीला. ओरछ्याचे राजे मधुकर शाह यांची राणी गणेशकुंवरी अयोध्येहून रामाची मूर्ती घेऊन आली. रामाच्या अटी अशा: पुष्य नक्षत्रातच चालायचं, जिथे एकदा ठेवाल तिथून हलणार नाही, आणि जिथे राहीन तिथला राजा मीच. रामासाठीचं इथलं चतुर्भुजाचं उंच देऊळ अपुरं होतं म्हणून मूर्ती राणीच्या महालात ठेवली, ती तिथेच राहिली. आजही ते देऊळ म्हणजे महालच आहे, आणि आरतीच्या वेळी मध्य प्रदेश पोलिसांचा जवान बंदूक घेऊन रामराजाला सलामी देतो. गर्दीतल्या सगळ्यांच्या तोंडी ‘रामराजा सरकार’. प्रसादाला विडा आणि अत्तराचा बोळा मिळाला. आपल्याकडे पंढरीचा राया म्हणतात ते भक्तीने. इथे तो दररोज, सरकारी हुकुमाने राजा आहे. मला हे फार भावलं.

सहावा दिवस : हरदौल

पहाटे धुकं, बेतवेचं पाणी गार. छत्र्या उन्हात येईपर्यंत काठावर बसलो. मग लक्ष्मीनारायण मंदिर, गावाबाहेरच्या टेकडीवर. तिथल्या चित्रांत १८५७ च्या धामधुमीतली झाशीची लढाईही रंगवलेली आहे: तोफा, लाल डगलेवाले शिपाई.

पण दिवस हरदौलाचा. रामराजाच्या देवळाजवळ त्याचा ओटा आहे. हरदौल हा बीरसिंहाचा मुलगा, जुझार सिंहाचा धाकटा भाऊ. जुझाराला आपल्या राणीचा आणि हरदौलाचा संशय आला, आणि त्याने राणीलाच भावाला विष द्यायला लावलं. वहिनी ही आईसमान, तिच्यावरचा आळ जावा म्हणून हरदौलाने विष जाणूनबुजून खाल्लं. पुढे बहीण कुंजावती मुलीच्या लग्नाला माहेरचा अहेर मागायला गेली. जुझाराने तिला हिणवलं, जा, हरदौलाकडून घे. ती समाधीपाशी रडली. आणि लग्नात मेलेला मामा अहेर घेऊन आला. बुंदेलखंडात आजही लग्नाची पहिली पत्रिका हरदौलाला देतात.

आम्ही उभे होतो तेव्हा एक कुटुंब हळदी-कुंकू लावलेली पत्रिका घेऊन आलं. बायका गाणं म्हणत होत्या, त्यातले ‘लाला हरदौल’ एवढे शब्द मला कळले. आपल्याकडे नवरीला मांडवात मामा आणतो. भाचीने माझ्याकडे बघितलं, काही बोलली नाही. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

जुझारावर १६३५ मध्ये शाहजहानची फौज आली, तिचा नामधारी सेनापती तरुण औरंगजेब. ओरछ्याचा ताठा तिथे मोडला. बुंदेल्यांचं बंड मात्र चंपतरायाने आणि मग त्याच्या मुलाने, छत्रसालाने चालू ठेवलं.

सातवा दिवस : झाशी

छत्रसाल तरुणपणी शिवाजी महाराजांना भेटून आला होता. म्हातारपणी मोगल सरदार महंमद खान बंगशाने कोंडला तेव्हा, १७२९ मध्ये, थोरले बाजीराव धावून गेले आणि छत्रसालाने राज्याचा तिसरा हिस्सा त्यांना दिला. बुंदेलखंडात मराठी पाऊल रोवलं गेलं ते असं. १७४२ मध्ये नारोशंकर झाशीला सुभेदार झाले. आम्ही नाशिकची माणसं गोदाकाठचं नारोशंकराचं देऊळ आणि त्यावरची पोर्तुगीज घंटा लहानपणापासून बघतो. मालेगावचा भुईकोटही त्यांचाच. इथे बीरसिंहाच्या १६१३ च्या किल्ल्याला त्यांनी जोडलेला भाग शंकरगढ म्हणून ओळखला जातो आणि तिथलं शिवमंदिर पूजेत आहे. फुलं वाहताना गुरुजींनी गाव विचारलं. नाशिक म्हटल्यावर म्हणाले, “मग तुमचंच आहे.”

दारात कडक बिजली तोफ, आत गुलाम गौस खान, मोतीबाई आणि खुदाबक्ष यांच्या कबरी शेजारी शेजारी. राणींच्या तोफा चालवणारी ही माणसं. बुरुजावरून शहर दिसतं, आणि १८५८ च्या मार्च-एप्रिलमध्ये इंग्रज सेनापती ह्यू रोजच्या तोफांखाली ते कसं भाजलं असेल याची कल्पना येते. त्या वेळी या गावात वरसईचे विष्णुभट गोडसे होते. यज्ञाच्या दक्षिणेच्या आशेने उत्तरेत आलेले गरीब भिक्षुक, वेढ्यात सापडले. लूट, आग, राणींच्या ग्रंथसंग्रहाची नासधूस त्यांनी डोळ्यांनी पाहिली आणि घरी परतल्यावर पुष्कळ वर्षांनी मराठीत लिहून ठेवली. त्यांच्यामुळे झाशीच्या गल्ल्या आपल्याला आपल्या भाषेत ऐकू येतात.

राणी महाल बाजाराच्या गर्दीत आहे, दुमजली, आटोपशीर. १८५४ मध्ये राज्य खालसा झाल्यावर राणी किल्ला सोडून इथे राहायला आल्या. वरच्या दालनाच्या भिंती-छतांवर फुलं, वेली, मोर. जयविलासचं झुंबर ज्यांनी पाहिलंय त्यांनी हे दालन जरूर पाहावं. राज्य गेलेल्या तिशीच्या आतल्या विधवा बाईचं हे घर होतं, आणि इथूनच तिने पुढचं सगळं केलं. जवळच्या गणेश मंदिरात १८४२ मध्ये गंगाधररावांशी त्यांचं लग्न लागलं. तिथे मराठी आरती ऐकून बरं वाटलं. संध्याकाळी लक्ष्मी तलावाच्या काठी गंगाधररावांची छत्री पाहिली आणि स्टेशनवर आलो.

फलाटावर वाद झाला तो कुठला महाल श्रेष्ठ यावर. माझं मत मान मंदिर: पहिला तो, आणि भिंतीवर बदकं काढायचं धाडस त्याचं. भाचीने स्केचबुक उघडून दतियाचा छेद दाखवला, अंधारे मजले खाली, पूल, मनोरा, वारा कुठून येतो त्याचे बाण. “मामा, इथे प्रत्येक मजला का आहे ते कळतं. मी हाच मोजणार.” त्यासाठी पुरातत्त्व खात्याची परवानगी लागेल, टेप धरायला माणूस लागेल. माणूस कोण ते तिने आधीच ठरवलं होतं. उन्हाळ्यात नको, दगड तापतो. फेब्रुवारीत जायचं, आणि या खेपेला आंतरीला उतरून अबुल फजलची कबरही बघायची.